मुसळाचा ठोका, घुमटाचा घुमारा

बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची जुनी राजधानी कल्याण. तिथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश आहे. त्याचा काळ ११२९. राजाने काय खावे, हत्ती कसे पकडावेत, चित्रे कशी रंगवावीत इथपासून गायनापर्यंत सगळे त्यात आहे. गायनाच्या भागात एक नोंद अशी येते की महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी म्हणतात. वाङ्मयाच्या इतिहासात ही नोंद ओवीच्या जुनेपणाचा पुरावा म्हणून मांडली जाते. आवाजाचे काम करणाऱ्याला मात्र त्यातले कांडण महत्त्वाचे वाटावे. मुसळ उचलताना छाती भरते, ते उखळात आदळते तेव्हा श्वासाला झटका बसतो आणि तो झटका सुरात उतरतो. सूर तोच राहतो, पण त्याची पातळी ठोक्याच्या लयीत वरखाली होते. आज ऑडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रेमोलो’ या नावाखाली जो परिणाम मिळतो, त्याचे काम हेच: आवाजाची पातळी ठरावीक वेगाने हलवणे. किती वेगाने आणि किती खोल, एवढेच आपण ठरवायचे.

ही पुस्तिका आवाजाला नेहमीपेक्षा वेगळे रूप देण्याविषयी आहे. भुताचा, यंत्रमानवाचा, राक्षसाचा, आडातून आलेला, टेलिफोनवरचा, स्वप्नातला, एका माणसाचे चार झालेले असे आवाज कसे घडवायचे, हे तिच्यात क्रमाने येईल. ती भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, अफजलपूर या तालुक्यांतल्या मुलामुलींना समोर ठेवून लिहिली आहे. घरात मराठी, शाळेत कानडी, बाजारात दखनी अशी तिन्ही बोलणी त्यांच्या कानावर रोज पडतात. सिनेमातल्या दृश्यावर गावच्या बोलीतले संवाद चढवणे, गणेशोत्सवाच्या नाटकाचे ध्वनिमुद्रण करणे, शाळेसाठी गोष्ट वाचून ती चित्रफितीला जोडणे ही कामे इथली मुले मोबाइलवर हौसेने करतात. हौस भरपूर आहे, हातात साधनही आहे. कमी पडते ते कारण माहीत असणे. तयार बटण दाबले की आवाज बदलतो. पण तो तसाच का बदलला हे ठाऊक नसेल तर दुसऱ्यांदा हवा तसा बदलता येत नाही. म्हणून या पुस्तिकेत बटणाच्या आधी कान येतो, आणि कान तयार करायला बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांसारखी शाळा क्वचितच मिळेल.

कलबुर्गीच्या किल्ल्यातली जामा मशीद १३६७ सालची. भारतातल्या बहुतेक मोठ्या मशिदींना मधोमध मोकळे अंगण असते. इथे ते नाही. २१६ फूट लांब आणि १७६ फूट रुंद असा सगळा विस्तार छपराखाली आहे: पश्चिमेला एक मोठा घुमट, चार कोपऱ्यांना चार, आणि मधल्या भागावर लहान घुमटांच्या रांगा. अशा वास्तूत उच्चारलेला शब्द प्रत्येक कमानीवर थोडा, प्रत्येक घुमटात थोडा असा आपटत राहतो. परत येणारे हे तुकडे इतके दाट असतात की कानाला ते वेगळे मोजता येत नाहीत, त्यांचा एक घुमारा होतो. सॉफ्टवेअरमधला ‘रिव्हर्ब’ तो हाच. त्याच्या खिडकीत खोलीचा आकार, घुमारा किती वेळ टिकावा, वरच्या पट्टीतला भाग किती लवकर विरावा अशा सरकपट्ट्या असतात. त्या हलवताना डोळ्यांपुढे जागा असली पाहिजे. दगड आणि चुन्याचा गिलावा आवाज फारसा गिळत नाही; सतरंजी, पडदे, माणसांची गर्दी गिळते; उघडी कमान तर आवाज सरळ बाहेर सोडून देते.

ही शेवटची गोष्ट बीदरमध्ये एका फेरीत ऐकता येते. शहराच्या पूर्वेला अष्टूर येथे बहामनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांतला अहमदशहा वलीचा मकबरा चारी बाजूंनी जाड भिंतींनी बंद आहे आणि आतून चित्रांनी भरलेला आहे. पश्चिमेला उदगीर रस्त्यावर बरीदशाही कबरी आहेत. त्यांत अली बरीदचा मकबरा चारही बाजूंना मोठ्या कमानींनी उघडा. घुमट दोन्हीकडे आहे, तरी दोन्ही ठिकाणी बोलून पाहिले की फरक तत्काळ कळतो. अष्टूरला शब्द अंगाभोवती रेंगाळतो, अली बरीदकडे वर जाऊन अर्धा वाऱ्यावर निघून जातो. घुमटाखाली बोलले की आवाज घुमतो एवढेच आपण धरून चालतो; भिंती किती आणि उघडीप किती याचा हिशेब कोणी करत नाही. नौबादची जुनी करेझ, जिला लोक सुरंगबावी म्हणतात, ती तिसरा धडा देते. जमिनीखालून पाणी वाहून नेणारा तो बोगदा आणि त्याला ठरावीक अंतरावर पाडलेली उभी विवरे. अशा अरुंद नळीत काही ठरावीक सूर फुगतात आणि बाकीचे दबतात. विवराच्या तोंडाशी उभे राहून खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत हळूहळू गुणगुणत गेले तर एखादा सूर अचानक मोठा होतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘इक्वलायझर’ने आडातला आवाज करायचा असेल तर नेमके हेच करायचे असते: एकदोन अरुंद पट्टे उचलायचे आणि बाकीचे खाली आणायचे.

प्रतिध्वनी ही याहून वेगळी वस्तू, कारण तो मोजता येतो. शेजारच्या विजयपूरचा गोल घुमट १६५६ साली पुरा झाला. त्याच्या आतला व्यास सुमारे ३८ मीटर. सज्जात उभे राहून टाळी वाजवली तर आवाज समोर जाऊन परत येईपर्यंत ७६ मीटर कापतो. दख्खनच्या उन्हाळी हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे परतीला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, थोडा जास्तच. तिथली कुजबुज मात्र सरळ रेषेत जात नाही. ती भिंतीच्या वळणाला धरून सरकते आणि म्हणून समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. सी. व्ही. रामन यांनी १९२१-२२च्या सुमारास अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास केला, त्यात गोल घुमट होता. आता ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर उघडून ‘इको’ची खिडकी पाहा. तिच्यात दोनच रकाने: किती सेकंदांनी परत यायचे आणि दर वेळी किती विरायचे. सुरुवातीला पहिल्या रकान्यात १ हा आकडा भरलेला असतो. १ सेकंदाचा प्रतिध्वनी म्हणजे समोरची भिंत १७० मीटरहून लांब! वाड्यातल्या भुताचा संवाद बोलणारे मूल हा आकडा तसाच ठेवते आणि भूत वाड्यातून उठून डोंगरकड्यावर जाते. तिथे ०.२२ घातले की तोच संवाद मोठ्या घुमटाखाली येतो. आणखी खाली, सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास आले की कान दोन आवाज वेगळे धरतच नाही. एकच आवाज जाड झालेला वाटतो. एका माणसाचे चार करायचे असतील तर काम याच टप्प्यात होते.

इथे एक तक्रार मनापासून मांडायची आहे. आपल्या गावांतल्या सप्ताहात, कीर्तनात, भाषणात साउंडवाला माइकला इको सोडतो. पत्र्याच्या मंडपाचा घुमारा आधीच असतो, त्यावर यंत्राचा चढतो आणि कीर्तनकाराने जपून उच्चारलेला अभंग पहिल्या रांगेच्या मागे कुणालाच कळत नाही. गाण्याला थोडा इको शोभतो, कारण स्वर लांब असतो. निरूपणाला तो मारक आहे, कारण पुढचे अक्षर येण्याआधी मागच्याची शेपटी सरलेली नसते. नवशिक्यांना मी पहिला नियम हाच सांगेन: परिणाम कितीही विलक्षण असो, शब्द कळलाच पाहिजे. तो कळत नसेल तर परिणाम कमी करा, निवेदकाला जोरात बोलायला लावू नका.

जागेचा प्रभाव यंत्राशिवायही साधता येतो, याचा मोठा दाखला १९४९च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याचा. खेमचंद प्रकाश यांचे संगीत आणि तरुण लता मंगेशकरांचा आवाज. गाण्याच्या आरंभी आवाज दुरून येत जवळ यावा म्हणून लताबाई माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात माइकपाशी आल्या, हा किस्सा सर्वांना माहीत आहे. लांबून गाताना माइकला थेट आवाज कमी आणि खोलीचा आवाज जास्त मिळतो. जवळ आले की प्रमाण उलटते. कानाला अंतर कळते ते या प्रमाणावरून. सॉफ्टवेअरमध्ये ‘ड्राय’ आणि ‘वेट’ अशा दोन पट्ट्या त्याचसाठी असतात. नभोनाट्यात काम केलेले लोक ‘ऑफ माइक’ जाण्याची ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. कलबुर्गीला आकाशवाणीचे केंद्र १९६६ पासून आहे. असल्या केंद्रांतल्या जुन्या नाट्यकलाकारांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता गळ्याकडे. माणसाचा आवाज दोन गोष्टींनी घडतो: स्वरतंतू किती वेगाने हलतात, आणि त्यांच्यावरची घसा-तोंडाची पोकळी केवढी आहे. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात तंतू सेकंदाला साधारण १२० वेळा हलतात, स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. पुरुषाची पोकळी १७ सेंटिमीटरच्या जवळपास, स्त्रीची त्याहून थोडी आखूड, मुलाची अजून आखूड. पट्टी बदलताना तंतूंचा वेग आणि पोकळीचे माप दोन्ही एकदम बदलले की ऐकणाऱ्याला माणूसच लहान किंवा मोठा झाल्यासारखे वाटते. १९५८ साली अमेरिकेत रॉस बॅग्डासेरियन यांनी खारींच्या गाण्यासाठी हेच केले: टेप अर्ध्या वेगाने चालवून सावकाश गायचे आणि मग नेहमीच्या वेगाने वाजवायचे. त्यातली खरी युक्ती सावकाश बोलण्यात आहे. नेहमीच्या गतीने बोलून नुसता वेग वाढवला तर मराठीतली जोडाक्षरे एकमेकांत अडकतात.

पट्टीचा हिशेब पेटी वाजवणाऱ्याला आधीच येतो. सॉफ्टवेअर ज्याला सेमिटोन म्हणते ती पेटीवरची एका घराची सरक. काळी एकचे गाणे पांढरी चारमध्ये नेले की चार सेमिटोन झाले. बारा झाले की सप्तक पूर्ण. राक्षसाच्या आवाजासाठी चार-पाच सेमिटोन खाली येणे पुरेसे असते. मुले बारा खाली नेतात आणि मग संवाद चिखलात रुततो. कारण मराठीच्या व्यंजनांत आहे. ‘स’चा सळसळता भाग खूप वरच्या पट्टीत, साधारण ५,००० हर्ट्झच्या वर असतो आणि ‘श’चा त्याच्या बराच खाली. सगळा आवाज खाली ओढला की ‘स’ घसरून ‘श’च्या जागेवर येतो. ‘चाक’मधला दंत्य च ‘चार’मधल्या तालव्य च सारखा वाजू लागतो. म्हणून राक्षसाचे संवाद लिहितानाच स आणि दंत्य च-ज यांची गर्दी टाळावी, किंवा व्यंजनांचा वरचा भाग मूळ ध्वनिफितीतून परत थोडा मिसळावा. व्हॉट्सॲपवरून आलेला आवाज या कामाला घेऊ नये; त्यात वरचा भाग आधीच गळलेला असतो आणि खाली ओढल्यावर नुसती घोंगडी उरते.

गळा यंत्राला मागे टाकतो अशीही उदाहरणे आहेत आणि ती विसरू नयेत. १९६२च्या ‘हाफ टिकट’मध्ये किशोरकुमारांनी सलील चौधरींच्या एका युगुलगीतात पुरुषाचा आणि स्त्रीचा असे दोन्ही आवाज स्वतः गायले. आपल्याकडे १९९३च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू ही रामदास पाध्यांची बाहुली होती आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. तात्या विंचू आजही लक्षात आहे तो त्याच्या बोलण्याच्या लकबीमुळे. अक्षरावर जोर कुठे द्यायचा, शब्द कुठे ओढायचा, कुठे थांबायचे, हे कुठल्याही सरकपट्टीत नसते. पाध्यांच्या घरात शब्दभ्रमाची परंपरा वडील यशवंत पाध्ये यांच्यापासूनची, अर्धवटराव हा बोलका बाहुला त्यांचाच. सीमाभागात तर भारुडे आहेत. एकनाथांनी भारुडात भूत, विंचू, बहिरा, मुका अशी सोंगे आणली आणि गावोगावचे भारुडकरी एका गळ्यातून ती उभी करतात. आषाढीच्या वाटेवर भालकी-आळंदकडच्या दिंड्यांत असा एखादा भारुडकरी भेटला तर त्याचे ध्वनिमुद्रण आधी करावे आणि सॉफ्टवेअर नंतर उघडावे. तेराव्या शतकात देवगिरीच्या दरबारातल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त आवाजांचे खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक असे चार प्रकार केले आहेत. आतून पोकळ आणि खरखरीत असा बोंबक, हे वर्णन वाचले की भारुडातले भूत लगेच कानात उभे राहते.

यंत्रमानवाचा आवाज सगळ्यात सोपा आहे, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. चालू टेबल फॅनच्या पात्यांपुढे तोंड धरून बोलले की जे होते तेच जास्त वेगाने आणि जास्त खोलवर करायचे. १९६३ साली बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या डॅलेकांसाठी ब्रायन हॉजसन यांनी रिंग मॉड्युलेटर वापरला. आवाजाला सेकंदाला ३०च्या आसपास कंपने असलेल्या एका लहरीने गुणले की तो कर्कश, तुटका आवाज मिळतो. होमर डडली यांनी बेल प्रयोगशाळेत १९३०च्या दशकात व्होकोडर केला तो टेलिफोनच्या तारेतून बोलणे कमी जागेत पाठवण्यासाठी. त्याचे गाणारे यंत्र पुढे संगीतकारांनी केले. अँडी हिल्डेब्रँड यांचे ऑटोट्यून १९९७ साली आले आणि पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ने त्याचा अतिरेकी वापर जगभर नेला. ऑटोट्यूनविषयी मात्र एक सांगतो. ते स्वराला पेटीच्या ठरलेल्या घरांवर ओढून बसवते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंची मराठी, कानडी आणि हिंदी पदे पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात. त्यांतली मींड दोन घरांच्या मधूनच जाते. तशा गाण्यावर ऑटोट्यून पूर्ण जोराने लावले की मींड पायऱ्यांत तुटते. यंत्रमानव हवा असेल तेव्हा ते लावा; पदाला हात लावू नका.

सर्वांत हवासा वाटणारा परिणाम भुताचा, आणि त्याची कृती सुंदर आहे. संवाद मुद्रित करा, तो उलटा करा, उलट्या आवाजाला भरपूर रिव्हर्ब द्या आणि पुन्हा सुलटा करा. आता घुमारा शब्दाच्या मागे न राहता पुढे येतो: कुणी बोलण्याआधीच खोली फुगू लागते आणि त्या फुगवट्यातून शब्द बाहेर पडतो. निसर्गात असे कधी घडत नाही. घुमारा नेहमी ध्वनीनंतरच असतो. कान आयुष्यभर तो क्रम शिकलेला असतो आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. भुताला पट्टी उतरवायची गरजही पडत नाही. साध्या घरगुती स्वरात बोललेले वाक्य या कृतीने जास्त भयंकर होते, असे माझे मत आहे.

एक विषय मात्र गमतीचा नाही. आवाज बदलण्याचे काम अनेकदा ओळख लपवण्यासाठी केले जाते: गावातल्या दारूच्या धंद्याविषयी बोलणारी बाई, सावकाराविरुद्ध बोलणारा शेतकरी, पत्रकाराला माहिती देणारा नोकर. अशा ध्वनिमुद्रणाची पट्टी चार सेमिटोन खाली नेऊन काम झाले असे समजणे धोक्याचे आहे, कारण कुणीही ती चार सेमिटोन वर नेऊन मूळ आवाजाच्या जवळ पोहोचू शकतो. शिवाय ओळख नुसत्या पट्टीत नसते. भालकीचे मराठी आणि आळंदचे मराठी यांच्या हेलात फरक आहे, आणि आपल्या गल्लीतला माणूस त्या हेलावरून ओळखतो. खरी सुरक्षितता हवी असेल तर बोलणाऱ्याचे म्हणणे दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावे आणि मूळ ध्वनिफीत कुठेही पाठवू नये. उलट बाजूही आहे: दुसऱ्याचा आवाज घेऊन पैसे मागणारे फोन. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मित्राची थट्टा म्हणून सुरू झालेले कामही तिथपर्यंत पोहोचू शकते, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

सफाईच्या बटणाविषयीही थोडे सांगतो. ‘नॉइज रिडक्शन’ हे मागचा आवाज ओळखून तो वजा करते. पंख्याची घरघर त्याने जाते, पण ते मोह घालते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या बायकांच्या १ लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तसल्या ध्वनिमुद्रणातून जात्याची घरघर काढून टाकली तर ओवीचा ठेकाच जाईल. मूळ फाइल कधीही पुसू नये. जे करायचे ते तिच्या प्रतीवर.

या पुस्तिकेत ऑडॅसिटी वापरली आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ साली ती लिहायला घेतली, पुढच्या वर्षी ती लोकांना मिळाली आणि अजूनही फुकट आहे. जुन्या संगणकावरही चालते. तयारी म्हणून दोन ध्वनिमुद्रणे करून ठेवावीत. एक घरात, गोधडी-चादरींच्या घडीजवळ, माइकपासून वीतभर अंतरावर: कुठलाही घुमारा नसलेला कोरडा आवाज. दुसरे एखाद्या घुमटाखाली किंवा विहिरीच्या काठाशी, फक्त एका टाळीचे. ती टाळी विरेपर्यंत मुद्रण थांबवायचे नाही, कारण तिच्या शेपटीत त्या जागेचा सगळा स्वभाव असतो. ‘कन्व्होल्यूशन’ नावाच्या प्रक्रियेने ती शेपटी कोरड्या आवाजाला जोडली की घरात बोललेले वाक्य त्या घुमटाखाली बोलल्यासारखे होते. हे कसे करायचे ते पाचव्या प्रकरणात आहे. स्मारकात जाण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या पहारेकऱ्याला विचारावे. दर्गा, मशीद किंवा मंदिर असेल तर तिथल्या व्यवस्थापकांना, आणि नमाज किंवा आरतीची वेळ टाळावी. फटाका किंवा पिस्तुली कुठेही वाजवू नये, टाळी पुरते. फाइल डब्ल्यूएव्ही या स्वरूपात साठवावी आणि तिच्या नावात जागा, तारीख आणि टाळी वाजवणारा माइकपासून किती पावलांवर उभा होता ते लिहावे.